लँबटनची सांखळी

नागपूर-नागभीड हा अरुंद लोहमार्ग १९०८ सालीं सुरू झाला आणि रुंद मार्गांत रूपांतर करण्यासाठीं २०१९ सालीं बंद झाला. उमरेड, भिवापूर या गांवांवरून जाणाऱ्या त्या गाडीचा खडखडाट ज्यांनीं ऐकला असेल, त्यांस तो रुळांच्या सांध्यांचा होता हें सांगावयास नको. दोन रुळांमध्यें थोडी फट मुद्दाम ठेवावी लागते. वैशाखांत लोखंड वाढतें व वाढीस जागा न मिळाल्यास रूळ वांकतो. भिवापूरची मिरची वाळविणाऱ्यास जें ऊन हवें असतें, तें रूळ घालणाऱ्यास नको असतें.

रुळांचें काम फटीनें भागतें. परंतु ज्या लोखंडानें देश मोजावयाचा तेंच वाढूं लागलें तर काय करावें? विदर्भांतच, हिंगणघाट येथें, ज्याचा देह पडला त्या विल्यम लँबटनला हा प्रश्न आयुष्यभर पुरला.

१८०२ सालीं त्यानें मद्रासेजवळ सेंट टॉमस माउंट येथें सुमारें साडेसात मैलांची आधाररेषा मोजली. त्रिकोणांच्या मोजणींत ही एकच बाजू प्रत्यक्ष मोजतात. बाकीच्या कोनांवरून गणितानें निघतात. म्हणजे येथील चूक पुढें शेंकडों मैल वाढत जावयाची. साधन होतें शंभर फुटी पोलादी सांखळी. चीनच्या बादशहाकडे १७९३ सालीं गेलेल्या इंग्रज वकिलातीच्या सामानांत ती होती. तेथें न राहतां ती कलकत्त्यास आली, व तिचें भाग्य उजळलें. स्वतःच्या वजनानें ती मध्यें झोळ खाऊं नये म्हणून तिपायांवरील लांकडी पेट्यांत तिला ठेवीत, टोंकास वजन लावून ताणीत, आणि पेट्यांत थर्मामिटर ठेवीत.

हा खटाटोप कशासाठीं? वीस अंश सेंटिग्रेडचा फरक धरिला तर शंभर फूट पोलाद पाव इंचाहून किंचित् अधिक वाढतें. ही बाब क्षुल्लक वाटेल. पण सांखळी चारशें वेळां मांडावयाची, तेव्हां चूक नऊ फुटांवर जाते. लँबटन हें जाणून होता व प्रत्येक मापास दुरुस्ती लावीत होता. अडचण थर्मामिटरचीच होती. तो आपल्या पाऱ्याचें उष्णमान सांगतो, शेजारच्या पोलादाचें नव्हे. ढग आला कीं पारा चटकन् उतरतो, जाड कडी मागें राहते. उष्णता एका पदार्थांतून दुसऱ्यांत जावयास वेळ लागतो, आणि तो वेळ कोणत्याही कोष्टकांत सांपडत नाहीं. म्हणून दुसरी सांखळी प्रमाण म्हणून जपून ठेवून तिच्याशीं पहिली ताडून पाहण्याचा परिपाठ होता. आमच्या मतें लँबटनची खरी थोरवी या शंकेखोरपणांत आहे.

हैदराबादेहून नागपुरास जात असतां २० जानेवारी १८२३ रोजीं तो हिंगणघाटास वारला. १८१८ पासून त्याच्या हाताखालीं असलेल्या जॉर्ज एव्हरेस्टचें नांव पुढें जगांतील सर्वोच्च शिखरास मिळालें. गुरूची कबर मात्र हिंगणघाटांत आहे, व ती कोणाची हें किती वैदर्भीयांस ठाऊक असेल देव जाणे.

एव्हरेस्टनें १८३० सालीं विलायतेहून कोल्बीच्या दहा फुटी पट्ट्या आणल्या. लोखंड व पितळ यांच्या दोन पट्ट्या मध्यभागीं जोडलेल्या. पितळ अधिक वाढतें, लोखंड कमी, आणि टोंकांवरील जिभांची योजना अशी कीं त्यांवरील दोन ठिपक्यांमधील अंतर कायम राहावें. युक्ति सुंदर खरी, पण जुनी अडचण येथेंहि आलीच. पितळ व लोखंड एकाच वेगानें तापत नाहींत किंवा निवत नाहींत. म्हणून ऊष्मा दोघांनीं सारखाच घ्यावा व टाकावा अशा बेतानें पृष्ठभागांवर लेप द्यावे लागले. मापनाचा सारा भार एका पातळ लेपावर येऊन पडला!

या पट्ट्यांनीं १८३१-३२ मध्यें कलकत्त्याची आधाररेषा मोजली गेली. लँबटननें सांखळीनें मोजलेली बिदरची रेषाहि १८४१ मध्यें पुन्हा मोजण्यांत आली. उत्तरेकडील आधाररेषेपासून शेंकडों मैल त्रिकोण जोडीत गणितानें काढलेली लांबी आणि प्रत्यक्ष मोजलेली लांबी यांत त्या वेळीं कांहीं इंचांचाच फरक निघाला.