वडिलांस काय द्यावे?

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यात चकलांबा नावाचे गाव आहे. या भागातील पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीसाठी दिवाळीच्या सुमारास घर सोडतात आणि हंगाम संपला की परततात. परतताना हाती चार पैसे असतात. आईसाठी लुगडे घ्यावे, लेकरांसाठी कपडे नि खाऊ घ्यावा, हे कर्त्या मुलास कोणी सांगावे लागत नाही. वडिलांपाशी येऊन मात्र तो अडतो. नवी धोतरजोडी नेली, तर जुनी अजून चांगली आहे म्हणून ती पेटीत जाते; नवा पटका नेला, तर तो पुढल्या लग्नकार्यासाठी खुंटीवर राहतो. आणि ‘कशाला एवढा खर्च केलास?’ एवढेच उत्तर मिळते. ज्याने जन्मभर दिले, त्यास काय द्यावे, हा प्रश्न घरोघरीचा आहे. राजवाड्यांनाही तो चुकलेला नाही. याच गेवराई तालुक्यात, गोदेच्या काठी, दोनशे साठ वर्षांपूर्वी एका अठरा वर्षांच्या मुलाने पितृस्थानी असलेल्या पुरुषास जे दिले, त्याची कथा या दृष्टीने स्मरणीय आहे.

पित्याला दिलेल्या भेटी आपल्या परंपरेत थोड्या नाहीत. शंतनूच्या सुखासाठी देवव्रताने राज्य सोडले आणि आजन्म ब्रह्मचर्याची प्रतिज्ञा केली. पुरूने आपले तारुण्य ययातीस दिले व त्याचे वार्धक्य स्वतः घेतले. परंतु या दोन भेटींत एक भेद आहे. शंतनूला काय हवे होते, ते निश्चित होते. ते मिळाले आणि तो तृप्त झाला. ययातीची इच्छा हजार वर्षे उपभोग घेऊनही निमाली नाही. अखेर त्यालाच ते उमगले आणि त्याने पुत्राचे तारुण्य परत केले. भेट निवडणे कठीण जाते ते ययातीसारख्या पित्याच्या बाबतीत.

शिवाजी महाराजांपुढे जो प्रसंग आला, तो पहिल्या जातीचा होता. 25 जुलै 1648 रोजी जिंजीच्या छावणीत शहाजीराजे कैद झाले. पित्याला काय हवे, याविषयी शंकेला जागाच नव्हती. त्यांना मुक्तता हवी होती. ज्येष्ठ पुत्र संभाजीराजे यांनी बंगळूर व धाकट्या शिवाजीराजांनी कोंढाणा आदिलशहास देऊ केला आणि 16 मे 1649 रोजी शहाजीराजे सुटले. हाती आलेला बळकट किल्ला सोडून देणे एकोणीस वर्षांच्या तरुणास सोपे नव्हते. तथापि त्याग कठीण असला तरी निवड सोपी होती. निवडही कठीण आणि त्यागही कठीण, असा प्रसंग पेशव्यांच्या घरात उभा राहिला.

14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर विश्वासराव पडले. त्या दुःखाने खचलेले नानासाहेब पेशवे 23 जून रोजी पुण्यास पर्वतीवर वारले. सोळा वर्षांच्या माधवरावास पेशवाईची वस्त्रे मिळाली. पिता गेला, थोरला बंधू गेला. घरात वडीलधारे पुरुष उरले ते चुलते रघुनाथराव, म्हणजेच दादासाहेब. वयाने ते पुतण्याहून अवघे दहा-अकरा वर्षांनी मोठे; परंतु नाते पित्याचे होते आणि कीर्तीही लहान नव्हती. 1758 साली लाहोर घेऊन अटकेपर्यंत मराठ्यांचा दरारा पोहोचविणारे सेनापती ते हेच. शौर्य, औदार्य आणि धर्मश्रद्धा हे त्यांचे गुण शत्रूंनीही नाकारले नसते. वाण होती ती समाधानाची. पुतण्याने मसनदीवर बसावे आणि आपण बाजूस उभे राहावे, हे त्यांच्या मनाला कधीच मानवले नाही.

1762 च्या पावसाळ्यात दादासाहेब रुसून पुण्याबाहेर पडले. त्यांनी फौज जमविली आणि निजामाची मदत घेतली. नोव्हेंबरात घोडनदी व आळेगाव येथे चुलत्या-पुतण्यांच्या सैन्यांची गाठ पडली. पानिपताला दोन वर्षेही झाली नव्हती; त्या जखमा ओल्या असता मराठ्यांनी मराठ्यांवर तलवार चालवावी, याचा परिणाम काय होईल हे माधवरावाने ओळखले. तो लढाई सोडून आपण होऊन चुलत्याच्या स्वाधीन झाला. कारभार त्यांच्या हाती गेला. माधवरावाची ही पहिली भेट होय: त्याने आपला मान दिला.

त्या भेटीचे चीज झाले नाही. दादासाहेबांनी मिरजेवर चालून जाऊन पटवर्धनांना दुखविले, प्रतिनिधीस दुखविले. नागपूरचे जानोजी भोसलेही निजामाच्या पक्षास मिळाले. 1763 साली निजामाच्या फौजेने पुणे लुटले व जाळले. अशा वेळी पुतण्याने ‘आता तुमचे तुम्ही निस्तरा’ असे म्हटले असते, तर जगाने त्यास दोष दिला नसता. तो मात्र चुलत्याच्या बरोबर मोहिमेत राहिला.

ऑगस्ट महिना, गोदावरीला पूर आलेला. निजाम काही फौजेसह नदी उतरून औरंगाबादच्या बाजूस गेला होता. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या सैन्यासह दक्षिण तीरावर राक्षसभुवनाजवळ होता. मध्ये पूर असल्यामुळे एकास दुसऱ्याची मदत पोहोचणे अशक्य होते. ही संधी साधून 10 ऑगस्ट 1763 रोजी मराठ्यांनी हल्ला केला. लढाई निकराची झाली. एका क्षणी दादासाहेब शत्रूच्या गराड्यात सापडले आणि त्यांचा पक्ष मोडणार असे दिसू लागले. नऊ महिन्यांपूर्वी ज्याने शरण येण्याची पाळी आणली, तो चुलता तेथे संकटात होता. माधवराव ताज्या फौजेनिशी तुटून पडला. दादासाहेब सुटले, विठ्ठल सुंदर रणात पडला, आणि नदीपलीकडून निजामास आपल्या सैन्याचा नाश पाहत राहण्यावाचून गत्यंतर उरले नाही. शनीचे क्षेत्र म्हणून आज भाविकांना ठाऊक असलेल्या राक्षसभुवनी पुतण्याने चुलत्यास दुसरी भेट दिली. ती प्राणांची होती.

पुढल्या महिन्यात तह झाला. हा प्रदेश मात्र त्यानंतरही निजामाच्या राज्यात राहिला, तो थेट सप्टेंबर 1948 पर्यंत. पुण्याच्या दरबारात पालट झाला तो वेगळा: राक्षसभुवनानंतर कारभाराची सूत्रे माधवरावाने स्वतःच्या हाती घेतली आणि दादासाहेब नाशिकनजीक आनंदवल्लीस जाऊन राहिले.

अधिकार घेतल्यावर देणे थांबले, असे झाले नाही. 1764 साली माधवरावाने रट्टेहळ्ळीस हैदरअलीचा पराभव केला. हैदर पुरता नमला असता त्याने चुलत्यास मुद्दाम बोलावून घेतले आणि 1765 चा तह करण्याचा मान त्यांना दिला. जिंकावे आपण आणि कीर्ती दुसऱ्याच्या पदरी घालावी, हे दान धनाहून दुर्मिळ आहे. दादासाहेबांनी हैदरास फारच सौम्य अटी दिल्या. त्यांचे नाव उत्तरेत गाजले होते, म्हणून पुढे त्याच उत्तरेची मोहीम त्यांच्याकडे सोपविली. ती 1767 साली गोहदच्या वेढ्यात फुकट गेली. परत आल्यावर आनंदवल्लीस जाऊन माधवरावाने त्यांची भेट घेतली आणि कर्ज फेडण्याची तजवीज केली.

एक गोष्ट मात्र त्याने दिली नाही. दादासाहेबांची मागणी अर्ध्या राज्याची होती. भावाभावांत शेत वाटावे, वाडा वाटावा, तसे राज्यही वाटावे, असा त्यांचा हिशेब होता. मान, प्राण, कीर्ती, धन ही माधवरावाची स्वतःची होती. ती त्याने दिली. राज्य त्याचे नव्हते. ते छत्रपतींचे होते आणि पेशवा त्याचा सेवक होता. जे आपले नाही ते वडिलांच्या प्रेमाखातरही देता येत नाही. या नकाराची किंमत युद्ध होती. 10 जून 1768 रोजी धोडपला दादासाहेबांचा पराभव झाला आणि त्यांना पुण्यास शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवण्यात आले. तेथेही त्यांच्या इतमामास बाध येऊ नये, असाच माधवरावाचा कटाक्ष होता.

शेवटची भेट थेऊर येथे दिली गेली. क्षयाने जर्जर झालेल्या सत्तावीस वर्षांच्या पेशव्याने चुलत्यास बोलावून घेतले आणि धाकटा भाऊ नारायणराव यास त्यांच्या हवाली केले. 18 नोव्हेंबर 1772 रोजी तो वारला. आजवरच्या भेटी दादासाहेबांना काही मिळवून देणाऱ्या होत्या. ही त्यांच्याकडून काही मागणारी होती. ‘तुम्ही आमचे वडील आहात, तसे व्हा’ एवढाच तिचा अर्थ होता. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावाचा खून केला, आणि त्या पापाचा दोष रामशास्त्री प्रभुण्यांनी दादासाहेबांच्या पदरी घातला.

माधवरावाची निवड चुकली काय? दान देश, काल आणि पात्र पाहून द्यावे, असे आपले शास्त्र सांगते. त्या मापाने चुकली, असे म्हणावे लागेल. परंतु वडीलधाऱ्या माणसास पात्र पाहून प्रेम देता येत नाही. ते नाते निवडण्याआधीच मिळालेले असते. मुलाच्या हाती दोनच गोष्टी असतात: आपले असेल ते मोकळ्या हाताने द्यावे, आणि जे आपले नव्हे ते देण्याचे स्पष्टपणे नाकारावे. माधवरावाने दोन्ही केले. घेणाऱ्याचे समाधान ही तिसरी गोष्ट. ती देणाऱ्याच्या हातची नव्हे.

रघुनाथराव 11 डिसेंबर 1783 रोजी कोपरगावी वारले. तेही गाव गोदावरीच्याच काठी आहे. तेथून वाहणारे पाणी खाली राक्षसभुवनाजवळून जाते. त्या परिसरातील एखादा बाप आज नवी धोतरजोडी पेटीत ठेवताना मुलाला खर्चाबद्दल बोलतो आणि चार दिवसांनी तीच जोडी शेजाऱ्यास काढून दाखवितो. त्या घरी मुलाने आणलेली भेट पोहोचली आहे. पुण्याच्या वाड्यात ती कधी पोहोचली नाही. देणाऱ्याने मात्र द्यावयाचे काही बाकी ठेवले नव्हते.