परशुरामाचा बाण आणि मुरूडचा कातळ

परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटवला आणि कोकणची भूमी मोकळी केली, ही कथा या किनाऱ्यावर पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. तिच्यात एखाद्या प्रचंड भूकंपाची आठवण दडली असावी, असा अर्थही पुष्कळदा लावला जातो. तो मोहक आहे, पण रायगडचा किनारा ज्या खडकाचा आहे तो खडक त्याला दुजोरा देत नाही. ही भूमी एका धक्क्यात वर आलेली नाही. ती लाव्हाने रचली, भूकवच ताणले गेल्याने समुद्राकडे कलली आणि मग झिजत, बुडत आजच्या रेषेपर्यंत आली.

रचना झाली ती सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी. त्या काळी इथे शंकूसारखा डोंगर आणि त्याच्या माथ्यावर आगीचे तोंड असे काही नव्हते. जमीन लांबच लांब भेगांनी फाटली आणि लाव्हा पुरासारखा पसरत गेला. ज्या भेगांतून तो चढला त्यांतल्या काहींत तो तसाच थिजला. मुरूड-जंजिऱ्याच्या परिसरात अशा उभ्या भिंती कातळात आजही दिसतात, त्यांना भूवैज्ञानिक डाइक म्हणतात. हे सारे किती वेगाने घडले याची साक्ष खडकातल्या चुंबकत्वात आहे. लाव्हा थिजताना पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा त्यात कायमची नोंदली जाते, आणि दख्खनच्या बहुतेक थरांत ती आजच्या उलट आहे. म्हणजे बहुतांश लाव्हा क्षेत्र उलटे असतानाच्या एकाच टप्प्यात, दहा लाख वर्षांच्या आत ओतला गेला. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांनी मोजमापे बिघडणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला आणली गेली. त्याच चुंबकीय क्षेत्राची आजची नोंद तिथे ठेवली जाते, हा योग मला फार अर्थपूर्ण वाटतो.

घाटमाथ्यावर हे थर जवळजवळ आडवे आहेत. पनवेल, उरण, अलिबागच्या पट्ट्यात मात्र ते पश्चिमेला, समुद्राच्या दिशेने उतरतात. भूवैज्ञानिक जे. बी. ऑडेन यांनी १९४९ मध्ये या वाकणाकडे लक्ष वेधले; आज ते ‘पनवेल फ्लेक्शर’ म्हणून ओळखले जाते. लाव्हा मुळात उतारावरूनच वाहिला असेल, असा आक्षेप इथे येऊ शकतो. पण पातळ लाव्हा तीव्र उतारावर एकसारख्या जाडीचे, दूरवर सलग पसरलेले थर मागे ठेवत नाही. थर आधी बसले आणि मग कलले, हेच अधिक पटते. ते वाकले की लहानलहान प्रस्तरभंगांवरून पायरीपायरीने खचले, यावर मतभेद आहेत. कारण मात्र एकच, भारत आणि सेशेल्स यांची ताटातूट होताना ताणले गेलेले भूकवच. जमीन समुद्रातून उचलली गेली नाही, तिची कड समुद्राकडे खाली गेली. कथेच्या हे अगदी उलट आहे.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप कच्छचा. १८१९ च्या भूकंपात तिथे अल्लाबंद नावाचा कित्येक कोस लांबीचा उंचवटा उभा राहिला आणि सिंद्रीचा किल्ला पाण्यात गेला. मग एका धक्क्याने भूमी घडत नाही असे कसे म्हणावे? घडते, पण तिथे भूकवचावर तेवढा दाब असावा लागतो. महाराष्ट्राचे मोठे भूकंप मध्यम प्रतीचे आहेत. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा ६.३ तीव्रतेचा होता आणि त्यामागे धरणाच्या जलाशयाचा भार व खाली झिरपणारे पाणी होते; ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीत जमीन फार तर मीटरभर उचलली गेली. माणसांचा संहार भयंकर झाला, पण भूगोल बदलला नाही. पालीजवळच्या उन्हेऱ्याचे आणि महाडजवळच्या सव येथील कढत झरे पाहून खाली अजून लाव्हा धगधगतो असेही वाटते. तसे नाही. पावसाचे पाणी खोल भेगांत उतरते, पृथ्वीच्या नेहमीच्या उष्णतेने तापते आणि वर येते. ते झरे सांगतात ते भेगांविषयी.

कथेच्या बाजूने एक पुरावा खरा आहे, तो म्हणजे करळ. शंख-शिंपले आणि वाळू चुन्याने सांधून झालेला हा दगड किनाऱ्यावर काही ठिकाणी भरतीरेषेच्या जरा वर सापडतो. समुद्र थोडा मागे गेला आहे, हे त्यावरून मानता येईल. पण त्याआधी, हिमयुग ओसरताना, सुमारे वीस हजार वर्षांपूर्वीपासून तोच समुद्र शंभर मीटरहून अधिक चढला होता आणि नद्यांची खोरी बुडाली होती. राजपुरीची खाडी, कोर्लईच्या पायथ्याशी कुंडलिकेचे मुख, सावित्रीची बाणकोट खाडी ही सारी बुडालेली खोरीच. सिद्दीचा जंजिरा आणि त्याच्यासमोर शिवाजी महाराजांनी उभारलेला पद्मदुर्ग यांना समुद्राचा खंदक मिळाला तो या चढलेल्या पाण्यामुळे. आणि झीज थांबलेली नाही. पद्मदुर्गाच्या तटात खाऱ्या लाटांनी काळे दगड आत आत खाल्ले आहेत, आणि त्यांना सांधणारा चुना जाळीसारखा पुढे उभा आहे.