पादत्राणांची सांधणी
पादत्राणाच्या तळाचे थर एकमेकांस व वरच्या भागास जोडण्याची क्रिया. चालताना तळ सतत वाकत असल्याने जोड बळकट तसाच लवचिकही असावा लागतो. या गरजेतून शिवण, विद्रावकयुक्त आसंजक (चिकटविणारा पदार्थ) व प्रकाशाने घट्ट होणारे आसंजक या पद्धती क्रमाने पुढे आल्या.

शिवणीचे उत्तम उदाहरण म्हणजे कोल्हापुरी चप्पल. बाभळीची साल व हिरडा यांनी कमावलेल्या कातड्याचे थर आरीने भोके पाडून कातड्याच्याच वादीने हाताने शिवतात. खिळे वापरीत नाहीत. वादी तळाबरोबर वाकते व तुटल्यास पुन्हा घालता येते. कोल्हापूर संस्थानात या धंद्यास छत्रपती शाहू महाराजांनी (कार. १८९४–१९२२) उत्तेजन दिले. २०१९ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटक यांतील प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी या चपलेस भौगोलिक निर्देशांक मिळाला.

विसाव्या शतकात रबर व प्लॅस्टिक यांचे तळ रूढ झाले आणि आसंजकांचे महत्त्व वाढले. ही आसंजके विद्रावकात विरघळविलेली असतात. चर्मकार त्यांना ‘सोल्यूशन’ म्हणतात. पूर्वी त्यांत बेंझिनाचा वापर होई. १९७०–८० च्या दशकात मुझफ्फर अक्सॉय यांनी इस्तंबूल येथील जोडे बनविणाऱ्या कामगारांतील रक्ताच्या कर्करोगाचा बेंझिनाशी संबंध दाखविला. विद्रावकरहित आसंजकांची निकड त्यातून स्पष्ट झाली.

पॉलियुरेथेनांचा शोध ऑटो बायर व त्यांचे सहकारी यांनी १९३७ मध्ये जर्मनीत लावला. त्यांपैकी उष्णमृदू (उष्णतेने मऊ होऊन पुन्हा साच्यात घालता येणारा) प्रकार तळांसाठी व वैद्यकीय नळ्यांसाठी वापरतात. त्याच्या रेणुशृंखलेतील मृदू खंडांमुळे लवचिकता व कठीण खंडांमुळे बळकटी येते. साच्यातून सुटण्यासाठी वापरलेले मेणासारखे पदार्थ पृष्ठावर राहिल्यास जोड सुटतो. म्हणून पृष्ठ आधी स्वच्छ करावे लागते.

प्रकाशाने घट्ट होणाऱ्या आसंजकात प्रकाशप्रारंभक असतो. जंबुपार (जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य) वा दृश्य प्रकाश शोषून तो मुक्त मूलके निर्माण करतो व द्रवाचे काही सेकंदांत घन बहुवारिकात रूपांतर होते. १९७० च्या सुमारास दंतवैद्यकात हे तत्त्व वापरात आले. लवचिक जोडासाठी युरेथेन ॲक्रिलेटे उपयुक्त ठरतात. मात्र प्रकाश जोडापर्यंत पोहोचला पाहिजे. पॉलियुरेथेनात जंबुपार किरण शोषणारी द्रव्ये असल्यास दृश्य प्रकाशाने कार्य करणारा प्रारंभक निवडतात. हवेतील ऑक्सिजनामुळे उघडा पृष्ठभाग चिकट राहू शकतो.

त्यामुळे पारदर्शक नळ्यांच्या सांधणीस ही पद्धत सोयीची असली, तरी अपारदर्शक कातड्याच्या थरांस ती लागू पडत नाही. शिवाय असा जोड जाळीदार बहुवारिकाचा असल्याने तापवूनही पुन्हा वितळत नाही. दुरुस्तीच्या दृष्टीने वादीची शिवण अद्याप सरस आहे.