काचेतली राणी

जूनच्या पहिल्या पावसानंतर रबाळ्यात आमच्या जिन्यातल्या ट्यूबलाइटखाली पंखवाले डोंगळे पडतात. गेल्या वर्षी त्यातलीच एक पंख झाडून टाकलेली राणी मी उचलली. काचेच्या नळीत तळाला पाणी, त्यावर कापसाचा बोळा, मग राणी, तोंडाला पुन्हा कापूस. नळी कपाटात.

खरं तर मला हवी होती ऑस्ट्रेलियातली बुल अँट. मोठ्या जाती इंचाच्या वर जातात, डोळे टपोरे, आणि माणूस दिसला की पळायचं सोडून अंगावर येतात! पण परवान्याशिवाय जिवंत किडे बाहेरून मागवता येत नाहीत. मग काय, शनिवार-रविवार वाचत बसलो.

मुंग्या पाळून नीट अभ्यास करणाऱ्यांत मोठं नाव जॉन लबकचं. हा गडी पेशाने लंडनचा बँकर. १८७१ साली ब्रिटनमध्ये बँक हॉलिडेचा कायदा आणला तो यानेच, म्हणजे आपल्या जमातीने त्याचे आभारच मानायला हवेत :) दोन काचांमध्ये माती भरून तो घरातच वारुळं ठेवायचा. १८७४ मध्ये आणलेली त्याची एक राणी १८८८ पर्यंत जगली. बँक सांभाळून चौदा वर्षं एका मुंगीचं करणं म्हणजे खायचं काम नाही.

लबकने वारुळावर रंगीत काचाही ठेवून पाहिल्या. जांभळ्या काचेखालून मुंग्या पिल्लं उचलून पळत, लाल काचेखाली मात्र अंधार असल्यासारख्या निवांत राहत. आज मुंग्या पाळणारे काचेवर लाल कागद लावतात त्यामागे हेच आहे. मी हे वाचलं, पण उशिरा.

आपल्याकडे याच सुमारास मुंबई इलाख्याच्या वनखात्यात रॉटन नावाचे साहेब होते. त्यांनी १८९२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये आपल्या मुंग्यांवर लिहिलं. नमुने ते स्वित्झर्लंडला ऑगस्ट फोरेलकडे पाठवत. हा फोरेल झ्युरिकच्या वेड्यांच्या इस्पितळाचा प्रमुख आणि मुंग्यांचा जाणकार! भारतातल्या मुंग्यांवरची त्याची लेखमाला त्याच जर्नलमध्ये १८९२ ते १९१३ चालली, तीही फ्रेंचमध्ये. मुंबईतल्या किती सभासदांनी ती वाचली असेल देव जाणे.

बुल अँटच्या तोडीची मुंगी आपल्या पश्चिम घाटातही आहे. नाव हार्पेग्नाथोस. मोठे डोळे, लांब जबडे, आणि चक्क उडी मारून शिकार करते. जर्डन नावाच्या लष्करी डॉक्टरने १८५१ मध्ये तिची नोंद केली. १९९० च्या दशकात कर्नाटकातून नेलेल्या वसाहतींच्या पुढच्या पिढ्या परदेशी प्रयोगशाळांत वाढल्या. राणी मेली की कामकरी मुंग्या आपसांत झुंजतात, आणि जिंकणाऱ्या अंडी घालू लागतात. तेव्हा त्यांचा मेंदू आकसतो. अशा मुंग्यांना पुन्हा कामकरी व्हायला लावलं तर तो परत वाढतो, हे २०२१ मध्ये छापून आलं.

पण ही सोय बहुतेक मुंग्यांना नाही. राणी गेली की वसाहत संपली. डोंगळ्याची राणी स्वतःला कोंडून घेते आणि उपाशीपोटी, पंखांचे स्नायू जिरवून, पहिली पिल्लं वाढवते. बहुतेक बुल अँटची राणी मात्र सुरुवातीला स्वतः शिकारीला बाहेर पडते. म्हणजे पाळणाऱ्याने नळी बंद करून विसरून चालत नाही, तिला भरवावं लागतं.

माझ्या राणीला खायला नको होतं. तिला फक्त अंधार आणि शांतता हवी होती. तिने आठवडाभरात अंडी घातली, आणि मी रोज ऑफिसातून आलो की कपाट उघडून मोबाइलचा टॉर्च मारायचो. मित्र आले की त्यांनाही दाखवायचो. एका रविवारी पाहिलं तर अंडी नाहीत. तिने खाऊन टाकली होती. घाबरलेल्या राण्या असं करतात.

२०२५ च्या एप्रिलमध्ये केनियात दोन बेल्जियन पोरं पकडली गेली, वय १९. त्यांच्याकडे सुमारे ५००० मुंग्या होत्या, बऱ्याचशा राण्या. दोन हजारांवर नळ्या, आत कापूस. मे महिन्यात कोर्टाने प्रत्येकी दहा लाख शिलिंग दंड केला. बातमीतला फोटो पाहिला आणि चपापलो. नळ्या अगदी माझ्यासारख्याच.

मी राणी सोडली ती मागच्या भिंतीपाशी, भुसभुशीत मातीत, पाऊस थांबल्यावर. दोन मिनिटं जागेवरच फिरली, मग एका विटेखाली शिरली. वीट उचलून बघायचा मोह झाला. नाही उचलली.