आधी बोलणे, मग रक्त

मंडळी, रोगाला डॉक्टरांकडून नाव मिळायच्या आधी गावकरी त्याला आपले नाव देऊन टाकतात. आफ्रिकेतील युगांडा देशात, व्हिक्टोरिया सरोवराजवळ राकाई नावाचा जिल्हा आहे. तेथे १९८२ च्या सुमारास चांगली धडधाकट माणसे झिजून झिजून मरू लागली. लोक त्या दुखण्याला 'स्लिम' म्हणू लागले. स्लिम म्हणजे बारीक. कुणी म्हणे, ही सरहद्दीपलीकडच्या व्यापाऱ्यांची करणी! तो एड्स होता.

१९८६ साली युगांडात नवे सरकार आले, आणि रोग झाकून ठेवायचा नाही असे त्याने ठरवले. संकटाची वर्दी देणारा ढोल रेडिओवर वाजे व मागोमाग सूचना येई. पण ढोलाने माणूस घाबरतो. दवाखान्याची पायरी चढतोच असे नाही.

१९८९ साली फिली लुटाया या लोकप्रिय गायकाने आपल्याला एड्स झाल्याचे जाहीर केले. तो स्वीडनमध्ये राहत असे. लोकांना वाटले, पैशासाठी सोंग करतोय! पण शाळांतून, चर्चमधून तो बोलत हिंडला, आणि पोरांच्या डोळ्यांदेखत त्याचे अंग वाळत गेले. त्याच वर्षी डिसेंबरात तो वारला.

पुढच्याच वर्षी, १९९० साली, कंपाला शहरात एड्स माहिती केंद्र उघडले. येईल त्याचे रक्त तपासायचे, पण नाव विचारायचे नाही, नुसता नंबर द्यायचा. तपासणीआधी समोर बसवून बोलायचे, निकाल सांगताना पुन्हा बोलायचे. आता तुम्ही विचाराल, त्या वेळी तर तेथे सामान्य माणसाच्या हाती औषध नव्हते. मग कळून करायचे काय? प्रश्न रास्त आहे. पण लग्न ठरलेली जोडपी तेथे येऊ लागली. निकाल कळला तर जोडीदाराला, पुढे होणाऱ्या लेकराला जपता येते, एवढे त्यांना पुरेसे होते. मला या जोडप्यांचे धैर्य गायकाहून कमी वाटत नाही. पहिली काही वर्षे निकालाला दोन आठवडे लागत. तेवढ्या अवधीत कित्येकांचा धीर सुटे, ते परत फिरकतच नसत! १९९७ पासून निकाल त्याच दिवशी मिळू लागला.

गुरुजनहो, आता तुमच्या कामाची गोष्ट. १९९३ साली तेथे किशोरवयीन मुलांसाठी 'स्ट्रेट टॉक' नावाचे वृत्तपत्र निघाले. स्ट्रेट टॉक म्हणजे आडपडदा न ठेवता बोलणे. आईबापांना, मास्तरांना विचारता येत नाही ते मुले पत्रातून विचारीत: न्हाण येणे म्हणजे काय, मैत्रीण 'नाही' म्हणाली तर काय करावे, कंडोम कसा वापरावा, तपासणी दुखते का? उत्तर छापून येई, रागे न भरता. १९९९ पासून हेच बोलणे रेडिओवरून सुरू झाले. मुलांना भाषण नको होते. आपल्याच वयाच्या कुणाचा तरी तोच प्रश्न ऐकायला हवा होता.

२००४ पासून युगांडात सरकारी दवाखान्यांतून विषाणूला आवर घालणारी औषधे फुकट मिळू लागली. तोवर बहुतेकांसाठी जपण्यापुरतीच असलेली ती तपासणी आता उपचाराची पहिली पायरी झाली. जे तरुण आधीच्या वर्षांत निकाल घेऊन गेले होते, त्यांतल्या कित्येकांना मात्र ती औषधे गाठता आली नाहीत.