जात्याचा दुसरा हात

गेल्या वर्षी धनत्रयोदशीच्या सकाळी आमची सूनबाई भाजणीचा डबा पुढे घेऊन स्वयंपाकघरात नुसतीच बसली होती. ताप नाही, पडसे नाही. "बाबा, आज अंगात त्राणच नाही," एवढेच म्हणाली.

अशा दिवसांचा इतिहास कोणी लिहिलेला नाही. लढाया बखरींत आहेत, तह दप्तरांत आहेत. पण घरातल्या बाईने थकलेला दिवस कसा लोटला, याची नोंद कोणत्या कारकुनाने ठेवावी? तरी ती नोंद आहे. ती जात्यावरच्या ओव्यांत आहे.

माझ्या लहानपणी, गावात पिठाची गिरणी येण्याआधी, आजी पहाटेच्या अंधारात दळायला बसे. मी गोधडीसकट जाऊन तिच्या मांडीवर डोके ठेवी. समोर धाकटी काकू. खुंट्यावर दोघींचे हात. मोकळ्या हाताने वैरण घालायची. एकीची ओवी संपली की दुसरीने पुढची घ्यायची. माहेर, भाऊ, पंढरी, सासुरवास, सारे त्या ओव्यांत येई. चार माणसांत जे बोलता येत नसे, ते जात्याला सांगता येई. त्या घरघरीत मला पुन्हा गाढ झोप लागे.

साने गुरुजींनी अशा ओव्या 'स्त्रीजीवन'मध्ये जमवल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटेवीन यांनी खेड्यापाड्यांतून गोळा केलेल्या ओव्यांची संख्या तर १ लाखाच्या वर गेली. एवढे मोठे दप्तर आपल्या कोणत्या सरदार घराण्याने मागे ठेवले असेल?

गिरणीतल्या माणसाच्या थकव्याला निदान वाली भेटला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १८९० च्या जूनमध्ये त्यांना रविवारची सुटी मिळवून दिली. जात्याला मात्र रविवार कधीच मिळाला नाही. सणाच्या दिवशी तर दळण दुप्पट!

मग त्या बायांनी दिवस रेटला कसा? याचे उत्तर मला जनाबाईच्या कथेत सापडते. नामदेवांच्या घरची ही दासी दळून दळून थकली, तेव्हा विठ्ठल येऊन तिच्याबरोबर दळू लागला, अशी आख्यायिका आहे. पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात जनाबाईचे म्हणून एक जाते दाखवतात. कथेच्या खरेखोटेपणाचा वाद पंडितांनी करावा. ज्या बायांनी ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली, त्यांनी देवाला जाते बंद करायला लावले नाही; खुंट्याला हात लावायला लावला. थकलेल्या माणसाला काय हवे असते, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

आता एक कबुली देतो. एकदा काकू माहेरी गेली होती. आजी एकटीच दळत होती. ओवी मध्येच थांबली, जातेही थांबले. डोळे किलकिले करून पाहिले, तर आजीने कपाळ खुंट्यावर टेकले होते. मी चांगला आठ वर्षांचा होतो. खुंट्याला हात लावता आला असता. पण मी डोळे पुन्हा मिटून घेतले. थोड्या वेळाने घरघर सुरू झाली. ओवी मात्र आली नाही. ज्या गोड सुरांवर मी झोपत आलो, ते सूर थकलेल्या माणसाचे होते, हे कळायला मला पुढे पुष्कळ वर्षे लागली.

म्हणून त्या धनत्रयोदशीला मी सूनबाईला म्हणालो, "बाळ, तू जरा पड. सोऱ्या इकडे दे." चिरंजीवांनाही हाक मारली. पहिल्या घाण्यातल्या चकल्यांची कडबोळी झाली आणि नातवंडे पोट धरधरून हसली. तासाभराने सूनबाई बाहेर आली, परातीतल्या त्या वेड्यावाकड्या चकल्या पाहून तीही हसली आणि माझ्यासमोर पाट ओढून बसली.

यंदा तुमच्याही घरी फराळाच्या गडबडीत कोणी असे नुसतेच बसलेले दिसले, तर काय झाले म्हणून पुसत बसू नका. समोर जाऊन बसा. खुंट्यावर दुसऱ्या हाताला जागा असते.