विक्रमांचे दप्तर

१८९६ सालच्या ४ एप्रिलला सॅन फ्रान्सिस्को येथे स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया या दोन विद्यापीठांच्या विद्यार्थिनींमध्ये बास्केटबॉलचा सामना झाला. पुरुष प्रेक्षकांना तेथे मज्जाव होता. प्रत्येक बाजूस नऊ मुली खेळत होत्या आणि स्टॅनफर्डने हा सामना २ विरुद्ध १ गुणाने जिंकला. पुढे १२८ वर्षांनी, १५ फेब्रुवारी २०२४ रोजी, आयोवा विद्यापीठाच्या केटलिन क्लार्क या विद्यार्थिनीने मिशिगनविरुद्ध एकटीने ४९ गुण मिळविले. या दोन आकड्यांची तुलना करून स्टॅनफर्डच्या मुली अगदीच कुचकामी होत्या, असे कोणी म्हटले तर ते हास्यास्पद ठरेल. मात्र हेच अंतर सव्वाशे वर्षांवरून चाळीस वर्षांवर आले, की तीच तुलना मोठ्या गांभीर्याने केली जाते.

त्या फेब्रुवारीच्या रात्री नेमके तेच झाले. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या केल्सी प्लम हिने २०१७ पर्यंत ३,५२७ गुण जमविले होते. क्लार्कने ही संख्या ओलांडताच नवा विक्रम जाहीर झाला. परंतु कॅन्सस विद्यापीठाच्या लिनेट वुडर्ड हिने १९८१ मध्येच ३,६४९ गुण पुरे केले होते. मग प्लमचा आकडा विक्रमाचा कसा ठरला?

याचे उत्तर मैदानावर सापडत नाही. ते दप्तरात आहे. अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांचा कारभार पाहणारी ‘नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन’ ही संस्था दीर्घकाळ केवळ पुरुषांच्याच स्पर्धा भरवीत असे. मुलींच्या खेळांसाठी १९७१ मध्ये स्त्रियांच्या पुढाकाराने निराळी संघटना उभी राहिली. १९७२ मध्ये शिक्षणसंस्थांत लिंगभेदास बंदी करणारा कायदा झाला आणि मुलींच्या संघांकडे पैसा व प्रतिष्ठा वळू लागली. तेव्हा १९८१-८२ च्या हंगामापासून जुन्या, धनवान संस्थेने मुलींच्या अजिंक्यपद स्पर्धा स्वतःच सुरू केल्या. स्त्रियांची संघटना त्या स्पर्धेत टिकली नाही. १९८२ मध्ये तिचे काम थांबले. राज्य बदलले की नवा कारभारी जुन्या कीर्दी वाड्याच्या माळ्यावर टाकतो, त्यातलाच हा प्रकार. नव्या वहीचे पहिले पान १९८२ चे होते, म्हणून वुडर्डचे गुण त्या वहीत नव्हते. येथे अन्याय झाला तो गणिताने केलेला नाही, हे ध्यानी घेतले पाहिजे. बेरीज बिनचूक होती. बेरजेला आरंभ कोठून करावयाचा, हे मात्र कोणीतरी ठरविले होते.

२८ फेब्रुवारीला क्लार्कने वुडर्डलाही मागे टाकले. कारकीर्दीच्या अखेरीस तिचे ३,९५१ गुण झाले. योगायोग असा, की दोघींचेही सामने १३९. सरासरी काढली तर क्लार्कची २८.४ आणि वुडर्डची २६.३ येते. इतकी सोयीची तुलना क्वचितच लाभते, आणि म्हणूनच ती अधिक फसवी आहे.

वुडर्डच्या काळी कितीही दुरून चेंडू टोपलीत टाकला तरी दोनच गुण मिळत. दूरच्या फेकीस तीन गुण देणारी रेषा मुलींच्या महाविद्यालयीन खेळात १९८७-८८ मध्ये आली. क्लार्कने अशा ५४८ फेकी साधल्या. प्रत्येकीचा एक जादा गुण वजा केला तर तिची बेरीज ३,४०३ वर येते आणि वुडर्ड पुन्हा पुढे जाते. वुडर्डचे चाहते हा हिशेब आनंदाने मांडतील. तथापि तोही न्याय्य नव्हे. क्लार्क दुरून फेकी करी, कारण तेथून तीन गुण मिळत. ती रेषा नसती तर तीही टोपलीजवळ शिरली असती, आणि तेथे तिला किती गुण मिळाले असते, हे कोणत्याही कोष्टकातून कळावयाचे नाही. नियम बदलला की केवळ गुणांची किंमत बदलत नाही, खेळाडूचे वागणेच बदलते. घडून गेलेल्या खेळातून तो नियम मागाहून उपसून काढता येत नाही.

चेंडूचेही तसेच. १९८४-८५ पासून मुलींसाठी थोडा लहान चेंडू आला. वुडर्ड पुरुषांच्याच चेंडूने खेळली. उलट, तिच्या काळी कसून तयारी केलेले संघ थोडे असत आणि दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध मोठी गुणसंख्या उभारणे तुलनेने सोपे जाई. शिवाय प्रतिस्पर्धी मुलीच्या हाती चेंडूच पडू न देणारी जी खेळाडू असते, तिच्या या कामगिरीसाठी गुणांच्या तक्त्यात रकानाच नसतो.

मग आकडे टाकून द्यावयाचे काय? मुळीच नाही. एकाच हंगामात, एकाच नियमाखाली खेळणाऱ्या मुलींविषयी ते पुष्कळ सांगतात. वुडर्ड १९७८-७९ मध्ये गुणसंख्येत देशात पहिली होती. क्लार्क २०२१-२२ आणि २०२३-२४ या दोन्ही हंगामांत गुणांत पहिली आलीच, पण सहकाऱ्यांना गुण मिळवून देणाऱ्या पासांतही पहिली आली. आपापल्या काळातील स्पर्धकांपेक्षा कोण किती पुढे होती, हा प्रश्न आकड्यांना विचारावा. दोन काळांतील खेळाडूंना एकाच तराजूत घालण्याचे काम त्यांच्यावर लादू नये.

३ मार्च २०२४ रोजी आयोवा सिटीत क्लार्कने पीट मॅराविच या पुरुष खेळाडूचा ३,६६७ गुणांचा आकडा ओलांडला. त्याने तो अवघ्या ८३ सामन्यांत गाठला होता, कारण त्या काळी प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघातून खेळता येत नसे. त्या दिवशी वुडर्ड स्वतः तेथे हजर होती. दक्षिण कॅरोलायनातील फ्रान्सिस मॅरियन या छोट्या महाविद्यालयाच्या पर्ल मूर हिचे नाव त्या दिवसांत पुष्कळांनी प्रथमच ऐकले. १९७९ पर्यंत तिचे ४,०६१ गुण झाले होते. त्यांतले १७७ आधीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयातले. ७ एप्रिलला क्लार्क आपला अखेरचा महाविद्यालयीन सामना खेळली, तेव्हाही मूर ११० गुणांनी पुढेच होती.